टेक्स्चरच्या भिंती सपाट करायला कर्ज काढावं का?

ताई, नाशिकचा तुमचा दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) ६२० चौरस फूट. आधीच्या मालकाने हॉल आणि दोन्ही बेडरूमच्या भिंतींना खरबरीत टेक्स्चर करून घेतलेलं. त्यात धूळ साचते, सासूबाईंना दमा आहे, म्हणून सगळ्या भिंती सपाट करून नवा रंग द्यायचा आहे. पेंटरने २,४०० चौरस फुटांना ७५ रुपये दराने १,८०,००० रुपये सांगितलेत. तुम्ही पर्सनल लोनचा विचार करताय, यजमान एफडी मोडा म्हणतात आणि बँकेतून होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, सुचवलाय. माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत. काम मात्र जरूर करा. दम्याच्या माणसाच्या खोलीतली धूळ कमी करणं हा हौसेचा खर्च नाही.

आधी मापाचं बघू. भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ साधारण कार्पेटच्या साडेतीन पट धरतात. तुमचं २,१७० च्या आसपास येतं, २,४०० नाही. दारं-खिडक्या वजा केल्यात का, हे पेंटरला विचारा. त्याहून मोठा मुद्दा दराचा. टेक्स्चर फक्त तीन खोल्यांच्या भिंतींना आहे. तुम्ही दिलेल्या मापांवरून हॉल ४२० आणि बेडरूम प्रत्येकी ३४०, म्हणजे १,१०० चौरस फूट. स्वयंपाकघर, पॅसेज आणि सगळी छतं आधीच सपाट आहेत आणि तिथल्या साध्या रंगाला याच पेंटरने २४ रुपये दर सांगितलाय. मग त्यांना ७५ का मोजायचे? टेक्स्चरचे ८२,५०० आणि उरलेल्या १,०७० चौरस फुटांचे २५,६८०, असे १,०८,१८० रुपये होतात. कर्जाचा विचार करण्याआधीच जवळजवळ ७२,००० कमी झाले.

७५ चा दर मला अवाजवी वाटत नाही, कारण यात खरी किंमत मजुरीची आहे. टेक्स्चर खरवडायचं, उंचवटे घासायचे, पुट्टीचे हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर लावायचा आणि मग रंगाचे दोन हात. घाईत पुट्टीचा एकच जाड थर मारला तर पुढे तडे जातात. टेक्स्चरवर ऑइल पेंट असेल आणि तो नीट घासला नाही, तर पुट्टी धरत नाही. म्हणून कामाआधी कोपऱ्यातला फूटभर तुकडा करून दाखवायला सांगा. किती निघतं, किती भरावं लागतं, हे तिथेच कळेल आणि मधेच ‘एक्स्ट्रा’ची मागणी येणार नाही. किती हात, कोणता माल, हे कागदावर घ्या. निम्म्याहून जास्त पैसे प्रायमर होईपर्यंत देऊ नका.

आता पैसा. १,८०,००० चं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ६,१५० आणि नुसतं व्याज ४१,००० च्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. टॉप-अपचा दर ९ टक्के, ऐकायला स्वस्त. पण मुदत १५ वर्षांची! हप्ता १,८२६ चा दिसतो आणि एकूण व्याज होतं सुमारे १,४८,६००. रंग पाच-सात वर्षांत जुना होईल, हप्ता चालूच राहील. करसवलतीचं म्हणाल, तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरचं व्याज जुन्या करप्रणालीतच वजा होतं, तेही वर्षाला ३०,००० पर्यंत. तुम्ही दोघंही नव्या प्रणालीत आहात, तेव्हा तो फायदा तुम्हाला नाहीच.

एफडी ४ लाखांची आहे. घरखर्च ५८,००० आणि होम लोनचा हप्ता ३१,०००, म्हणजे महिन्याला ८९,०००. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांची तरतूद ५,३४,००० व्हायला हवी, तुमच्याकडे साडेचार महिन्यांचीच आहे. घरात दम्याचं आजारपण असताना ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं. अगदीच अडलं तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे उचला. त्याचा दर सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो.

पण अडणार नाही. दोघांचे १,२५,००० येतात, वरचे खर्च आणि १२,००० ची एसआयपी जाऊन २४,००० उरतात. पाच महिन्यांत १,२०,०००. त्यात सगळं काम बसतं आणि दहा टक्के वरखर्चालाही राहतात. एसआयपी थांबवायचीही गरज नाही. तसंही पावसाळ्यात ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली तर पोपडे येतात, तेव्हा थांबणं कामाच्याही फायद्याचं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की आधी सासूबाईंची खोली घ्या, हॉल नको. पाहुण्यांना दिसतो म्हणून आपण हॉलपासून सुरुवात करतो, पण धुळीचा त्रास ज्या खोलीत आहे तिथे पहिले २५,५०० जाऊ देत. घासकामाची धूळ भयंकर असते, त्या दिवसांत आणि रंगाचा वास जाईपर्यंत त्यांना लेकीकडे पाठवा. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळणं कठीण, म्हणून तारीख आत्ताच ठरवा. बाकीचं काम डिसेंबरमध्ये.

हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल असल्याचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ती मिटल्याशिवाय तिथे एक रुपयाही घालू नका. बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती काढणं, आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली), सोसायटीच्या खर्चाचं काम आहे. ओल दिसतेय तोवर, याच आठवड्यात फोटो काढा, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.