गोधडीसाठी आलेलं जुनेर

प्रश्न : आम्ही गुहागरकडच्या बचत गटातल्या सातजणी वृद्धाश्रमासाठी गोधड्या शिवतो. लोकांना कापड द्या म्हटलं तर गोण्या भरून येतात, पण आत काय तर नायलॉनच्या साड्या, कुबट वासाच्या चादरी, फाटके ब्लाऊज. गेल्या वर्षी एक गोधडी पहिल्याच धुण्यात लालेलाल झाली. गावातले एक काका तर दरवर्षी गोणी पाठवतात आणि वर विचारतात, आमच्या साड्यांची गोधडी कुठाय? काय करावं?

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे गोणी घरात घेऊच नका, पडवीतच उघडा. आपल्याकडे माळ्यावर पावसाळा काढलेलं कापड वरून बरं दिसतं पण घडीत काळे ठिपके असतात, ती बुरशी, ते डाग धुऊन जात नाहीत आणि कापडही तिथे कुजलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांत धरून जरा ओढून बघा, चर्र झालं की बाजूला. असलं कापड आत थर म्हणून घालू असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं, पण दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात आणि तुमचा आठ-दहा दिवसांचा धावदोरा फुकट. डाग असलेलं पण घट्ट सुती मात्र खुशाल आत जाऊ दे.

सुती की नाही कळत नसेल तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. ते घाम शोषत नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी मच्छर अगरबत्ती असते, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून गोधडीत नकोच. त्याच्या पिशव्या, पायपुसणी करा.

रंगाचं म्हणाल तर ओला पांढरा फडका लाल-निळ्या कापडावर घासा, रंग लागला की ते वेगळं. मीठ घालून रंग पक्का होतो असं आपण आजीपासून ऐकत आलोय पण सुटणारा रंग मिठाने काही थांबत नाही. आणि सगळं कापड शिवायच्या आधी गरम पाण्यात धुऊन मे महिन्याच्या उन्हात वाळवायचंच, नाहीतर नवं सुती नंतर आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. जरीचे काठ, हुक, बटणं तेव्हाच काढून टाका, झोपेत टोचतात हो.

आता काका. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा मदतीत आलेल्या कपड्यांच्या ढिगात आम्ही हेच बघितलं, घालता येईल असं शोधायला दिवस जायचा, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. गोणी येण्याआधीच निरोप धाडा : सुती, धुतलेलं, जुनं चालेल, कुजकं नको. काकांच्या गोणीतली एखादी सुती साडी निघाली तर ती गोधडीच्या दर्शनी बाजूला लावा आणि काकांना नेऊन दाखवा, बाकीची गोणी परत देताना काकूंच्या हातात द्या. त्यांना माहीत असतं आत काय भरलंय ते.