आधी आजोबांच्या नावाचा उतारा, मग चिंचवडचा फ्लॅट

प्रश्न : वय ५६. तीस वर्षं चिंचवडला नोकरी, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावी कायमचं परतायचं आहे. २००९ च्या दिवाळीत २२ लाखांना घेतलेल्या फ्लॅटला ७८ लाख मिळताहेत. त्यातले १८ लाख गावच्या घराच्या दुरुस्तीला घालीन, म्हणजे करही लागणार नाही. पीएफ आणि ठेवी मिळून ६२ लाख आहेत. गावी महिना ४० हजार खर्च धरला आहे. घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, पण भाऊ तयार आहे. फ्लॅट विकू का?

उत्तर : गावी जरूर जा. फ्लॅट मात्र आत्ता विकू नका.

आकडे विक्रीच्याच बाजूचे आहेत, हे आधी सांगतो. कर आणि दुरुस्ती वजा जाता सुमारे ५५ लाख उरतील. ते ६२ लाखांत मिळवून साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिना ६३ हजारांवर व्याज येईल. न विकता ६२ लाखांचं व्याज साडेतेहेतीस हजार, शिवाय फ्लॅटचं भाडं सोसायटी खर्च जाऊन सतरा हजार धरा. एकूण साडेपन्नास हजार. म्हणजे दोन वर्षं थांबलात तरी तुमचे ४० हजार सुटतात. खानापुरात किंवा बेळगावात एखादं घर भाड्याने घेण्याइतकी जागाही उरते.

थांबायचं ते उताऱ्यासाठी. तो आजोबांच्या नावावर आहे तोवर घर एकट्या तुमच्या वडिलांचंही नाही. चुलत्यांचे वारस आहेत, आत्या आहेत, तुमची बहीण असेल तर तीही आहे. कोणाचा हिस्सा किती, हे आजोबा आणि वडील कधी वारले यावर ठरतं. ते दाखले घेऊन दिवाणी वकिलाकडे जा. भावाचा तोंडी होकार इथे पुरत नाही. तुम्ही १८ लाख घातल्यावर घराची किंमत वाढते आणि त्यानंतर वाटणीचा दावा लागला, तर तुमच्या खर्चासकट घर सगळ्यांत वाटायला निघतं. सीमाभागातल्या कितीतरी घरांत भावाभावांचं बोलणं यावरूनच तुटलं आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. नाडकचेरीतून (तिथल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) वंशावळ काढा. सगळ्या वारसांच्या सह्यांनी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करून ते उपनोंदणी कार्यालयात नोंदवा. सख्ख्या नात्यातल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या मानाने नाममात्र असतं. तोच हिस्सा 'विकत घेतला' असं लिहिलंत तर खरेदीचं शुल्क भरावं लागेल आणि वर ऑगस्ट २०२५ अखेरपासून दुप्पट झालेली दोन टक्के नोंदणी फी. मग पंचायतीत वर्दी (नाव बदलाचा अर्ज) देऊन ई-स्वत्तूवर, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत, आपल्या नावाचा नमुना ९ आणि ११अ हे उतारे घ्या. हातात '११ब', म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा उतारा, पडला तर पुढचा खर्च थांबवा, त्यावर कर्ज मिळणं अवघड जातं. शेतीचा वाटाही असेल तर नुसत्या पहाणीवर (तिथल्या सातबाऱ्यावर) नाव चढून भागत नाही. पोडी करून घ्या, म्हणजे हिस्सा वेगळा मोजून घ्या. दस्त कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सहीआधी विश्वासातल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, चतुःसीमा तर दोनदा.

आता कर. 'पैसे घरातच घातले' म्हणून सूट मिळते हा समज चुकीचा आहे. सूट आहे ती नवं घर घेतल्यास, विक्रीआधी एक किंवा नंतर दोन वर्षांत, किंवा तीन वर्षांत बांधल्यास. जुन्या घराची कौलं, वासे, फरशी बदलणं त्यात बसत नाही. जुनं पाडून स्वतःच्या नावच्या जागेवर नवं बांधलं तर बसतं, म्हणजे गाडी पुन्हा उताऱ्यापाशीच येते. कर भरायचाच झाला तर दोन्ही पद्धतींनी काढून पाहा. ५६ लाख नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सात लाख होतात. फ्लॅट २३ जुलै २०२४ पूर्वीचा असल्याने महागाई निर्देशांकाचा पर्यायही तुम्हाला आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, खरेदीच्या वर्षीचा १४८. त्याने खरेदी किंमत सुमारे ५५.९ लाख धरली जाते आणि २० टक्क्यांनी कर ४.४२ लाख येतो. उपकर, अधिभार वेगळे. सीएने एकच आकडा दिला तर दुसरा मागून घ्या.

दुरुस्तीच्या १८ लाखांबद्दलही शंका आहे. मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा बेत असेल तर सोडा, त्या भिंती तो भार पेलत नाहीत. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस तुम्ही लहानपणी पाहिला आहे, पण पंचावन्नाव्या वर्षानंतर ओल आणि वीज गेलेल्या रात्री वेगळ्या वाटतात, पत्नीलाही. जून ते सप्टेंबर तिथे राहा, कुठे गळतं, कुठली भिंत ओल धरते, कुठल्या वाशाला वाळवी आहे ते लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर अंदाजपत्रक काढा.

गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात राहणार असेल तर पिंपरीच्या आरटीओची एनओसी घेऊन बेळगावचा केए-२२ क्रमांक घ्यावा लागेल आणि कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागेल. महाराष्ट्रातला उरलेला कर परत मागता येतो.

राजीनाम्याआधी एक काम उरकाच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. दोघांची स्वतंत्र पॉलिसी आजच घ्या, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती मुदत पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. बेळगावातल्या कोणत्या रुग्णालयांत ती कॅशलेस चालते, हे सही करण्याआधी विचारा.