वाचकांचे प्रश्न : मासेमारीच्या रॉडवरचं नाव नीट बसवताना

प्रश्न : मॅट फिनिशच्या कार्बन ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) पारदर्शक वॉटरस्लाइड डिकॅल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं छापील नाव) लावलं. ओलं होतं तेव्हा छान दिसत होतं. वाळल्यावर अक्षरांभोवती चंदेरी झाक आली. कागद खराब निघाला का?

कागदाचा दोष नाही, झाक हवेची आहे. मॅट पृष्ठभाग डोळ्यांना सपाट वाटला तरी बारीक खडबडीत असतो. डिकॅलची फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा राहते. ओलं असताना तिथे पाणी असतं म्हणून काही दिसत नाही; पाणी उडालं की त्या हवेवर प्रकाश चमकतो.

त्यामुळे खरं काम डिकॅल भिजवण्याच्या आधीच असतं. ज्या जागी नाव यायचं ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग तिला बोटं लावू नका. तिथे रॉड फिनिशचा, म्हणजे गाइड (दोर ओवायच्या कड्या) बांधणाऱ्या धाग्यावर लावतो त्याच इपॉक्सीचा, अगदी पातळ थर द्या. नावाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर जास्त घ्या. रॉड फिरता ठेवून २४ तास वाळू द्या. या गुळगुळीत, चकचकीत थरावर डिकॅल बसवलं की झाक सहसा येत नाही. नाव धाग्याच्या गुंडाळणीवर हवं असेल तर हा थर टाळताच येत नाही, कारण दोन वेढ्यांमधल्या खाचा मॅट ब्लँकपेक्षाही वाईट.

बसवताना : डिकॅल अक्षरांपासून मिलिमीटरभर अंतर सोडून कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. कोमट पाण्यात अर्धा मिनिट पुरतो. भिजला की बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. फिल्म पाण्यातच कागदापासून सुटून तरंगू लागली, तर खालचा डिंक धुऊन जातो आणि मग ती नीट चिकटत नाही. ब्लँकवर पाण्याचा एक थेंब टाका, डिकॅल कागदासकट टेकवा आणि कागद खालून ओढून घ्या. फिल्म ओढू नका, ती ताणली जाते. जागेवर आणल्यावर ओलसर मऊ कापडाने मधून कडांकडे दाबत पाणी काढा.

झाक आलेल्या डिकॅलवर एक उपाय करून बघता येतो. बारीक सुईने चंदेरी भागात दोन-चार टोचे मारा आणि विमानं-गाड्यांची छोटी मॉडेलं बनवणारे वापरतात तो डिकॅल मऊ करणारा द्राव ब्रशने लावा. फिल्म सुरकुतली तरी हात लावू नका, बहुतेकदा ती आपोआप सपाट होते. घरी छापलेल्या डिकॅलला मात्र हा द्राव कधी कधी सोसत नाही. आधी तुकड्यावर बघा.

प्रश्न : इंकजेटवर छापलेली शाई पाण्यात पसरते. लेझर प्रिंटर घ्यावाच लागेल का?

नाही. इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारच, तिच्यावर आवरण हवं. छापल्यावर तासभर वाळू द्या. मग साधारण २५ सेंटिमीटरवरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे तीन हलके हात द्या, मध्ये १५-२० मिनिटं सोडा, आणि रात्रभर ठेवून मगच भिजवा. घाईत एकच जाड हात मारला तर स्प्रेमधल्या द्रावकानेच शाई ओघळते, शिवाय फिल्म कडक होऊन गोल ब्लँकवर वळत नाही. लेझरचा टोनर पाण्याने पसरत नाही. पण इंकजेटचा डिकॅल कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. तिथल्या उष्णतेने फिल्म वितळून रोलरला चिकटू शकते.

प्रश्न : काळ्या ब्लँकवर लाल आणि निळी अक्षरं दिसतच नाहीत.

साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, आणि बाकीचे रंग अर्धपारदर्शक असतात. काळ्यावर लाल पडला की काळाच दिसतो. पूर्वी ऑल्प्स कंपनीचे रिबनवर चालणारे प्रिंटर पांढरा आणि धातूचे रंगही छापत, म्हणून रॉड बनवणारे ते जपून ठेवायचे. त्यांचं उत्पादन बंद झालं. आता पांढरा टोनर असलेल्या प्रिंटरवर छापून देणाऱ्याकडून पानभर डिकॅल करून घेणं सोपं. घरीच करायचं तर पांढरा डिकॅल कागद घ्या, अक्षरांमागे गडद रंगाची पट्टी छापा आणि पट्टीच्या कडेच्या किंचित आतून कापा, म्हणजे पांढरी रेघ राहत नाही. पट्टीची दोन्ही टोकं धाग्याच्या बारीक वेढ्यांमध्ये संपवली की ती ठिगळासारखी दिसत नाही.

प्रश्न : अक्षरं किती उंच ठेवावीत? आणि ओळ तिरकी जाते ती का?

१२ मिमी व्यासाच्या ब्लँकचा घेर सुमारे ३८ मिमी असतो. त्यातला एका नजरेत नीट वाचता येणारा भाग जेमतेम पाव, म्हणजे ९-१० मिमी. अक्षरं ६-७ मिमीची ठेवलीत तर उत्तम. पडद्यावर ती लहान वाटतात, रॉडवर नाही. साध्या कागदावर छापून ब्लँकवर गुंडाळून बघा.

ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे डिकॅलची वरची किंवा खालची कड धरून जुळवलंत तर ओळ तिरकी जाणारच. अक्षरांची मध्यरेषा धरा. रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) मध्यापासून गाइडच्या रांगेत मास्किंग टेपची अरुंद पट्टी लावून घ्या आणि डिकॅल तिला समांतर ठेवा.

प्रश्न : डिकॅलवर लावलेली इपॉक्सी मध्येच फाटून खड्डे पडतात.

तेल किंवा सिलिकॉन. बहुतेकदा ते बोटांवरून येतं, कधी शेजारी वापरलेल्या पॉलिशमधून. डिकॅल २४ तास वाळल्यावर ओलसर कापडाने कडांचा डिंक पुसा. इथे अल्कोहोल नको, ते शाई आणि फिल्म दोन्ही बिघडवू शकतं. आत ओल राहिली असेल तर इपॉक्सीखाली दुधाळ डाग येतो, आणि तो नंतर निघत नाही.

इपॉक्सीचे दोन्ही भाग (रेझिन आणि हार्डनर) आकारमानाने समान घ्या, ३ मिली आणि ३ मिली, वेगवेगळ्या सिरिंजने. वजनाने मोजू नका. यापेक्षा कमी घेतलं तर मोजमापातली छोटी चूक मोठी होते आणि फिनिश चिकट राहतो. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळून मिश्रण फॉइलवर पसरवा. वाटीत ढीग राहिला की ते स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. पातळ थर द्या, रॉड फिरता ठेवा, आणि डिकॅलची कड बोटाला जाणवत असेल तर वाळल्यावर दुसरा थर. एकाच जाड थरात कड बुडवायला गेलात तर फुगवटा येतो.

प्रश्न : फिनिश झाल्यावर नावात चूक सापडली. काढता येईल का?

येईल, पण ब्लँक धोक्यात घालून. हलक्या उष्णतेने इपॉक्सी मऊ होते, मग ती प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतात. सुरी वापरू नका. कार्बनवर ओरखडा पडला की पुढे रॉड तिथेच मोडतो. नाव लहान असेल तर त्यावर धागा गुंडाळून टाका आणि नवं नाव थोडं पुढे लावा.