ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्यांसाठी व्हिडिओ अ‍ॅप बनवताना सर्वांत आधी काय बदलावं?

सर्वांत आधी ऑटोप्ले बंद करा. अ‍ॅप उघडताच काहीही आपोआप वाजू किंवा हलू नये. अचानक आलेल्या आवाजाचा यातल्या अनेकांना अक्षरशः त्रास होतो, आणि विरंगुळ्यासाठी आलेला माणूस तिथूनच परत फिरतो. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांतही हे आहे: ३ सेकंदांहून जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवता किंवा कमी करता आलाच पाहिजे, आणि इतर मजकुराच्या सोबत ५ सेकंदांहून जास्त आपोआप हलणारं काहीही थांबवता किंवा लपवता आलंच पाहिजे. मी म्हणेन, तेवढ्यावर थांबू नका. फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू असेल तर अ‍ॅपने ती न विचारता पाळावी. मात्र सगळ्यांनाच शांत, फिका स्क्रीन हवा असतो असं नाही. काहींना भडक रंग आणि वेगच आवडतो, म्हणून निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवा.