बॅटरी कुठे बसवली त्यावर पायरी ठरते

प्रश्न : माझी आई 71 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. घोडबंदर रोडला इलेक्ट्रिक बस दिसायला लागल्या तेव्हा वाटलं आता तिचं चढणं-उतरणं सोपं होईल. एसी आहे, आवाज नाही, धूर नाही, सगळं छान, पण पायरी आहे तशीच उंच. इंजिन काढून टाकलं तर खालची जागा मोकळी व्हायला हवी ना, मग बस खाली का नाही आणत?
– एक लेक, मानपाडा, ठाणे

उत्तर : ताई, इंजिन गेलं पण बॅटरी आली, आणि ती इंजिनापेक्षा जास्त जागा खाते. 12 मीटरच्या बसला किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते, म्हणजे दिवसभराच्या फेऱ्या मारायच्या तर, मधे एकदा चार्जिंग धरलं तरी, 200 युनिटच्या आसपासची बॅटरी हवीच. आपल्याकडच्या बसमध्ये बहुतेक एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते, तापली तरी ती सहजासहजी पेट घेत नाही म्हणून, पण वजनाला जड. 200 युनिटची म्हणजे दीडेक टन, पंचवीस माणसं कायमची बसमध्ये बसलेली समजा. हे वजन ठेवायचं कुठे यावर सगळं डिझाइन फिरतं.

सोपी जागा म्हणजे फ्लोअरखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. वजन खाली राहतं, वळणावर बस झुकत नाही, डेपोत पॅक बाजूने ओढून काढता येतो. पण मग फ्लोअर वर जातो. आपल्या सिटी बसचे फ्लोअर मुख्यतः तीन उंचीचे असतात, 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 900 म्हणजे जवळपास कंबरेएवढं, दोन-तीन पायऱ्या आल्याच. 400 हवा असेल तर बॅटरी छतावर आणि मागे न्यायची, मग छताचा भार पेलायला खांब मजबूत करा, वजन वर गेलं म्हणून सस्पेन्शन नव्याने बसवा, आणि हे सगळं करताना किंमत वाढत जाते. आपल्या स्पीडब्रेकरवर बस खालून घासेल असंही सांगितलं जातं, ते मला अर्धंच पटतं कारण एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असलेली बस हवा भरून वर उचलता येते आणि स्टॉपवर दाराकडची हवा सोडून तीच बस खाली झुकवता येते.

मी मागे माजिवड्याच्या स्टॉपवर तासभर उभा राहून बघितलं. एका आजींनी आधी भाजीची पिशवी आत फ्लोअरवर ठेवली, मग दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पाय वर घेतला आणि थांबल्या. दुसरा पाय वर यायला मागून कोणीतरी कोपराला आधार द्यावा लागला. त्यात स्टॉपवर रिक्षा उभ्या होत्या म्हणून बस फुटपाथपासून लांब रस्त्याच्या मधेच थांबलेली, म्हणजे फुटपाथची उंची फुकटच गेली. बस कितीही चांगली बनवा, स्टॉप मोकळा नसेल तर अर्धं काम वाया.

आणि फ्लोअरची उंची टेंडरमध्येच लिहिलेली असते. बस एकदा आली की दहा-बारा वर्षं तीच चालवायची, त्यामुळे बोलायचं ते नवीन टेंडर निघायच्या आधी. नगरसेवकाला, परिवहन समितीला पत्र लिहा, आणि त्यात 'सोयीची बस द्या' असं मोघम न लिहिता 'फ्लोअर 400 मिलिमीटर आणि व्हीलचेअरचा रॅम्प' असं आकड्यानिशी लिहा.

प्रश्न : आमच्याकडे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की रस्त्यावर गुडघाभर पाणी. अशा वेळी इलेक्ट्रिक बसमध्ये शॉक बसू शकतो का?
– रोजचा प्रवासी, बेलापूर

उत्तर : दादा, प्रवाशाला शॉक बसू नये याची सोय डिझाइनमध्येच आहे. बॅटरीची पाचशे-सहाशे व्होल्टची लाइन, त्या नारिंगी केबल, बसच्या बॉडीला कुठेच जोडलेली नसते. गळती होतेय का हे एक सर्किट सतत तपासत असतं, संशय आला की बॅटरीजवळच्या स्विचमधूनच वीज तोडली जाते. त्यामुळे पाण्यात बस अचानक बंद पडली तर वैतागू नका, ती तुम्हाला सांभाळत असते. बॅटरीच्या पेटीवर आयपी 67 लिहिलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ही टेस्ट नव्या पेटीची आणि साध्या पाण्यातली. नवी मुंबईचा बराच भाग खाडीवर भराव टाकून झालाय, पाणी तुंबलं की त्यात खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असू शकतं, आणि मीठ कनेक्टरला हळूहळू खातं. म्हणून पाण्यातून आलेली बस त्याच रात्री धुवून, कनेक्टर उघडून बघायलाच हवी. इथे कंटाळा केला तर डिसेंबरात बिघाड निघतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

प्रश्न : बस सुटताना आणि थांबताना एवढा हिसका का बसतो?
– कॉलेज विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : मोटर शून्यापासूनच पूर्ण ताकद देते, डिझेलसारखी गिअर पडायची वाट बघत नाही. आणि पाय उचलला की तीच मोटर जनरेटर होते. सोळा टनांची बस 40 च्या स्पीडला असताना तिच्यात पाव युनिटच्या आसपास ऊर्जा असते, डिझेल बसमध्ये ती ब्रेकचे लायनर तापवण्यात जाते, इथे बरीचशी परत बॅटरीत येते. हिसका किती बसावा हे सॉफ्टवेअरमध्ये कमी-जास्त करता येतं. बाकी ड्रायव्हरच्या पायावर आहे, डिझेलवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाला ही गाडी अंगवळणी पडायला वेळ लागतो, त्याला नीट ट्रेनिंग द्या. तोवर दांडा धरून उभा राहा.