वाचकांचे प्रश्न : रात्रीचे मटण, उत्तररात्रीचे पित्त

या वेळी तीन पत्रांची उत्तरे एकत्र देत आहे, कारण तिन्ही पत्रे एकाच आजाराविषयी आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचे गाव कोरेगाव तालुक्यात आहे. घरी चार म्हशी आणि दहा-बारा शेळ्या आहेत. माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. गेल्या दीड वर्षात पाच वेळा असे झाले, की गाढ झोपेतून ते तळहात खाजवत उठतात, अर्ध्या तासात अंगभर गांधी येतात आणि पोटात कळा येऊन जुलाब होतात. शेवटच्या खेपेला ओठ सुजले आणि ते चक्कर येऊन मोरीत पडले. सासूबाई पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावतात. डॉक्टरांनी आधी पित्ताच्या आणि मग खाजेच्या गोळ्या दिल्या. पाचही वेळा त्या रात्री जेवणात मटण होते, हे माझ्या ध्यानात आले. पण जेवल्यावर लगेच काही होत नाही, आणि अनेकदा मटण खाऊनही ते ठणठणीत राहतात. हे मी दवाखान्यात सांगितले, तेव्हा ‘चार तासांनी कुठे ॲलर्जी होते का’ असे ऐकावे लागले. पुतणी म्हणते, की गोचीड चावल्याने असे होते. यात तथ्य आहे का?

उत्तर : ताई, तथ्य असण्याची बरीच शक्यता आहे. पाच रात्रींचा धागा आपण जुळवलात, आणि या आजाराच्या निदानात सर्वांत अवघड काम तेच असते.

शेंगदाणा किंवा कोळंबी ज्याला सोसत नाही, त्याला त्रास काही मिनिटांत, फार तर दोन तासांत होतो. डॉक्टरांच्या मनात हाच नियम पक्का बसलेला असतो. गोचिडीमुळे जडणारी मटणाची ॲलर्जी या नियमाला अपवाद आहे. तिची लक्षणे जेवणानंतर साधारण दोन ते सहा तासांनी दिसतात, म्हणजे रात्री नऊला जेवलेल्या माणसाला ती अकरा ते तीनच्या दरम्यान गाठतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, ससा अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात अल्फा-गॅल नावाची शर्करा असते, माणसाच्या शरीरात ती नसते. गोचीड रक्त पिताना तिच्या लाळेतून ही शर्करा आपल्या त्वचेत उतरते आणि काहींचे शरीर तिच्याविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे ॲलर्जी घडवणारी रक्तातली प्रथिने, तयार करते. त्यानंतर तीच शर्करा मटणातून पोटात गेली, की शरीर तिला शत्रू समजून उसळते. मटणातली ही शर्करा बऱ्याच अंशी चरबीला जोडलेली असते आणि चरबी रक्तात पोहोचायला काही तास लागतात, म्हणूनच हा उशीर होत असावा, असे संशोधक मानतात.

कधी होते आणि कधी होत नाही, याचाही उलगडा यातच आहे. चरबीचे तुकडे, काळीज आणि विशेषतः गुर्दा यांनी त्रास अधिक होतो, तर निव्वळ मांसाच्या चार फोडी कदाचित पचूनही जातात. शिवाय त्याच दिवशी दारू, अंगमेहनत किंवा अंगदुखीची गोळी यांची भर पडली, तर तेवढ्याच मटणाने मोठा झटका येऊ शकतो. त्या पाच दिवसांपैकी किती दिवस कंदुरीचे किंवा जत्रेचे होते, यजमानांनी काय काय खाल्ले आणि गोळी घेतली होती का, हे आठवून पाहा.

हा आजार प्रकाशात आला तोही आडवाटेने. सेटक्सिमॅब हे कर्करोगावरील औषध अमेरिकेच्या आग्नेय भागातील काही रुग्णांना पहिल्याच मात्रेत भोवत होते. त्या औषधात अल्फा-गॅल असते आणि या रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती, हे व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. स्वतः डॉ. प्लॅट्स-मिल्स यांना २००७ मध्ये डोंगरात फिरताना गोचिडीची पिले चावली आणि पुढे काही महिन्यांनी मेंढीचे मटण खाल्ल्यावर रात्री त्यांच्याच अंगावर गांधी उठल्या. ऑस्ट्रेलिया, युरोप आणि जपानमध्येही असे रुग्ण आढळले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणची गोचिडीची जात वेगळी आहे.

ज्या डॉक्टरांनी आपल्याला गप्प केले, त्यांचा राग धरू नका, परंतु गप्पही बसू नका. अमेरिकेत या आजाराचे साडेचार लाखांपर्यंत रुग्ण असावेत असा तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेचा अंदाज आहे, आणि तरीही २०२३ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४२ टक्के डॉक्टरांनी व आरोग्यसेवकांनी या आजाराचे नावही ऐकलेले नव्हते. तेव्हा आपणच तयारीने जायला हवे. वहीच्या एका पानावर पाचही प्रसंग मांडा : तारीख, जेवणाची वेळ, पानातले पदार्थ, पहिली खाज किती वाजता सुटली, पुढे काय झाले आणि त्याआधीच्या महिन्यात गोचीड चावली होती का. तोंडाने सांगितलेले बाहेरच्या गर्दीत विरून जाते, पण वेळा लिहिलेला कागद डॉक्टर वाचतातच, असा माझा अनुभव आहे.

तपासणीचे नाव ‘अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई’ असे आहे आणि ती रक्तावर होते. शंभर पदार्थांच्या ॲलर्जीची जी महागडी यादी प्रयोगशाळा देतात, तिच्यात ही तपासणी नसेल तर अहवाल निर्दोष येऊन दिशाभूल होईल. त्वचेवर टोचून केलेल्या मटणाच्या चाचणीतही हा आजार अनेकदा निसटतो. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालेल, पण तपासणी नेमकी हीच हवी. केवळ प्रतिपिंडे सापडली म्हणजे आजार आहे असेही नाही, कारण गुराढोरांत वावरणाऱ्या कित्येकांत ती असतात आणि ते आयुष्यभर मटण पचवतात. अहवाल आणि आपली वही एकमेकांशी जुळली, तरच निदान होते. दुखण्याच्या गोळ्यांची ॲलर्जी किंवा दीर्घकाळ टिकणारे शीतपित्त यांसारखी दुसरी कारणेही डॉक्टरांना तपासू द्या.

तोवर मटण पूर्ण बंद ठेवा. अळणी पाणी, पांढरा रस्सा, खिमा, वजडी आणि पायाचे सूप हे सारे मटणच आहे, आणि मटणाच्या रश्श्यातली पळी कोंबडीच्या पातेल्यात गेली तर तेही वर्ज्य. कोंबडी, मासे आणि अंडी यांत ही शर्करा नसते.

यजमान मोरीत पडले, ही गोष्ट मात्र मला फार गंभीर वाटते. अंगावर गांधी असताना ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, आवाज बसणे, चक्कर येणे किंवा एकाच वेळी जोराच्या उलट्या-जुलाब होणे, ही जीव जाऊ शकेल अशी प्रतिक्रिया आहे आणि तिच्यावर पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. खाजेची गोळी रक्तदाब सावरत नाही. माणसाला आडवे झोपवून पाय उंच ठेवा, उठवून चालवू नका, १०८ ला फोन करा आणि ‘ॲलर्जीचा झटका आहे, बेशुद्ध पडत आहेत’ असे स्पष्ट सांगा. बरे वाटल्यावरही काही तास दवाखान्यातच थांबा, कारण दुसरी लाट येऊ शकते.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. माझी मुलगी नॉर्थ कॅरोलिनात नोकरी करते. तिथे तिला हीच ॲलर्जी असल्याचे निदान झाले आहे. डिसेंबरमध्ये ती दोन महिन्यांसाठी येणार असून पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया मिरजेत करून घेण्याचा विचार आहे. मांस तर ती खातच नाही, मग रुग्णालयात काही वेगळे सांगण्याची गरज आहे का? आणि घरी दूध-तुपाचे काय करावे?

उत्तर : रुग्णालयात सांगण्याची गरज घरापेक्षाही अधिक आहे, कारण प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ औषधांत अशा ठिकाणी असतात जिथे आपले लक्ष जात नाही. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे गाय, म्हैस किंवा डुक्कर यांच्या हाडांचे व कातड्याचे असते. रक्तदाब उतरल्यावर शिरेतून दिल्या जाणाऱ्या काही द्रावणांत आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही स्पंजांत जिलेटिन असते. कॅटगट हा विरघळणारा टाकाही जनावराच्या आतड्याचा असतो. यातील प्रत्येक गोष्ट तिला बाधेलच असे नाही. अनेक रुग्णांना कॅप्सूल किंवा हेपॅरिनची छोटी मात्रा सहज सोसते. शिरेतून मोठ्या प्रमाणात जाणाऱ्या द्रव्याचा धोका मात्र अधिक असतो. म्हणून ‘हे देऊ नका’ असा हट्ट आपण धरू नये. पर्याय वापरायचा, की सारी तयारी ठेवून तेच औषध द्यायचे, हा निर्णय डॉक्टरांचा आहे. त्यांना तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावा लागू नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी शस्त्रक्रियेच्या किमान आठवडाभर आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचीही वेगवेगळी भेट घ्या. मुलीला तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञाकडून एक पानाचे पत्र आणायला सांगा. त्यात आजाराचे पूर्ण नाव, प्रतिपिंडांचे प्रमाण, आजवरच्या प्रतिक्रिया आणि कोणती औषधे तिने विनात्रास घेतली आहेत याची नोंद असावी. ही शेवटची नोंद सर्वांत उपयोगी असते, कारण जे आधी सोसले आहे ते डॉक्टरांना निर्धास्तपणे वापरता येते. केस पेपरवर नुसते ‘मटणाची ॲलर्जी’ लिहिले गेले, तर ते स्वयंपाकघरापुरते समजले जाईल आणि औषधांच्या वेळी कोणी वाचणार नाही. तिथे ‘सस्तन प्राण्यांपासून बनलेली औषधे व जिलेटिन’ असे शब्द पडले पाहिजेत. ती तिथे स्वतः टोचून घ्यायचे ॲड्रेनालिनचे पेन वापरत असेल, तर पुरेशी पेने बरोबर आणू द्या, कारण आपल्या औषध दुकानांत ती सहज मिळत नाहीत.

दुधाबाबत घाबरू नका. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांना दूध, दही, तूप चालते, काहींना मात्र साय, खवा, आइस्क्रीम अशा स्निग्ध पदार्थांनी त्रास होतो. ती तिकडे काय खाते, हे विचारून तेवढेच द्या. साताऱ्याच्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला कंदी पेढा आटवलेल्या दुधाचा असतो, हे लक्षात असू द्या. आणि पाकिटावरची हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, त्यात दूध नसल्याचे सांगत नाही. पाहुण्यांना आजार समजावत बसण्याचे ओझे तिच्यावर टाकू नका. ते काम आपण आई-वडिलांनी आधीच उरकून ठेवावे.

प्रश्न : मी शिराळा तालुक्यातील शेतकरी आहे. मला ही ॲलर्जी असल्याचे तपासणीत निघाले आहे. आमच्याकडे साप फार. सापाची लस घोड्यापासून करतात असे ऐकले आहे, म्हणजे मला साप चावला तर लस घ्यायचीच नाही का? शेळ्याही विकून टाकाव्यात का, आणि हे दुखणे कधी जाईल का?

उत्तर : लस घ्यायचीच, यात तिळमात्र शंका ठेवू नका. प्रतिसर्पविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि त्यात अल्फा-गॅल असू शकते, हे खरे आहे. पण घोणस किंवा नागाच्या विषाने जीव जाण्याचा धोका प्रत्यक्ष समोर असतो, तर लशीची प्रतिक्रिया उपचारांनी आवरता येते. ती ॲलर्जी नसलेल्यांनाही येते, म्हणून लस देताना ॲड्रेनालिन हाताशी ठेवण्याची पद्धत आहेच. आपण फक्त ‘मला अल्फा-गॅल ॲलर्जी आहे’ असे लिहिलेले कार्ड खिशात बाळगा आणि घरातल्या दोघांना तरी ते तोंडपाठ करून ठेवा, कारण त्या वेळी बोलण्याची शुद्ध आपल्याला असेलच असे नाही. कुत्रा चावल्यावर घ्यायच्या लशीलाही हेच लागू आहे. काही लशींत जिलेटिनसारखा पदार्थ असतो, तरीही रेबीजवर दुसरा इलाज नसल्याने ती टाळायची नाही.

शेळ्या विकू नका. गोठ्याच्या भिंतींतल्या आणि जमिनीतल्या भेगा बुजवा, कारण गोचिडीची मादी अशाच जागी हजारोंनी अंडी घालते. जनावरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध लावून घ्या आणि गोचिडी वेचण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. आपल्या अंगावर चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तिच्यावर रॉकेल, चुना-तंबाखू किंवा पेटती काडी वापरू नका. चावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुखणे जाऊ शकते. नवे चावे बसले नाहीत तर कित्येकांच्या रक्तातील प्रतिपिंडे काही वर्षांत उतरतात आणि त्यातील काहींना पुन्हा मटण सोसते. एका नव्या चाव्याने ती परत चढतातही. दर सहा ते बारा महिन्यांनी तीच तपासणी करून आकडे एकाखाली एक लिहीत जा. आकडा उतरला म्हणून जत्रेत परस्पर पान वाढून घेऊ नका. पहिला घास कधी आणि किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि तो दिवसा घ्या, म्हणजे पुढचे सहा तास घरातली माणसे जागी असतील.