आधी तिचा हिशोब ऐक

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. लैंगिक अत्याचार झालेली, तुझ्याकडे समुपदेशनाला आलेली अकरा वर्षांची मुलगी, रडली नाही, हसत हसतच सगळं सांगितलं आणि उठताना विचारलं, ‘काका माझ्यावर रागावले असतील का?’ पुढे तू लिहितोस, ‘मॅडम, हिच्या मनावर परिणाम झालाय की नाही हेच मला कळेना.’ अरे, परिणाम शोधायला तू तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलास आणि तो तिने तुला शब्दांत सांगितला होता. ज्याने तिला वापरलं त्याच्या रागाची काळजी तिला वाटते आहे. आणखी काय दिसायला हवं होतं तुला?

चेहऱ्यावरून काही ठरत नाही, हे आधी पक्कं कर. 1993 साली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तपासणीच्या वेळी कोणतंच लक्षण नव्हतं, आणि बहुसंख्य मुलांत दिसेल असं एकही लक्षण सापडलं नव्हतं. उलट बाजूही तितकीच खरी. अंथरूण ओलं करणं, अभ्यासात मागे पडणं, एकाएकी चिडणं याला दहा वेगळी कारणं असू शकतात. मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्ये लिहिलं होतं की अशी मुलं गुपित पाळतात, हतबल होतात, जुळवून घेतात, उशिरा आणि पटणार नाही अशा रीतीने सांगतात, आणि पुष्कळदा सांगितलेलं मागेही घेतात. लोकांनी ते वर्णन पुराव्यासारखं वापरायला सुरुवात केली, तेव्हा ते त्यासाठी नाही असं त्यांना पुढे स्वतःच स्पष्ट करावं लागलं. तेव्हा लक्षणांवरून घटना सिद्ध करायला जाऊ नकोस. ते तुझं काम नाही. तुझं काम तिचा हिशोब ऐकण्याचं.

हिशोब म्हणजे काय, तर ‘हे माझ्याच बाबतीत का झालं’ याचं मुलाने स्वतःपुरतं शोधलेलं उत्तर. असं उत्तर नसलेलं मूल मला अजून भेटायचंय. मी भेटवस्तू घेतली. मी ओरडले नाही. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हाही गेले. ते माझं कौतुक करायचे आणि मला आवडायचं. मी गेले नसते तर त्यांनी धाकटीला नेलं असतं. आणि सगळ्यात खोल दडलेलं, जे मोठं झाल्यावरही ओठांवर येत नाही: मला नको होतं, पण माझ्या शरीराला काहीतरी वाटलं, म्हणजे मलाही ते हवंच असणार. मुलग्यांच्या बाबतीत याला आणखी एक फाटा फुटतो. आपण ‘पुरुष’ आहोत की नाही याचीच शंका त्यांना पोखरत राहते, आणि म्हणून ते अनेकदा आणखी उशिरा बोलतात.

ओरडता न येणं, अंग गोठणं हे भीतीपुढे शरीराचं आपोआप होणारं वागणं आहे. स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसादही तसाच, इच्छेशी संबंध नसलेला. तुला हे पुस्तकातून ठाऊक आहे. तिला नाही. तिने त्या गोठण्याचा अर्थ ‘मी चालवून घेतलं’ असा लावला असेल, तर पुढची कित्येक वर्षं ती त्या अर्थाबरोबर काढणार आहे.

फिंकेलहोर आणि ब्राउन या अभ्यासकांनी 1985 मध्ये या इजेचे चार धागे सांगितले: लैंगिकतेची विकृत ओळख, विश्वासघात, हतबलता आणि कलंक. मला ही मांडणी अजूनही उपयोगी वाटते, कारण प्रत्येक मुलात एखादा धागा जास्त घट्ट असतो, आणि तो कोणता हे घटनेच्या तपशिलांवरून सांगता येत नाही. बाहेरून ‘किरकोळ’ वाटणाऱ्या प्रसंगात विश्वासघात सगळं उद्ध्वस्त करून गेलेला असतो. म्हणून पुन्हा सांगते, हिशोब ऐक.

आता माझी चिडचिड. तू लिहिलं आहेस, ‘मी तिला लगेच सांगितलं की यात तुझी काहीच चूक नाही.’ लगेच! वाक्य खरंच आहे, शंभर टक्के खरं. पण तिची चूक तिच्या मते कोणती, हे तू विचारलं होतंस का? न विचारता दिलेली माफी मुलं घेत नाहीत. ती मान डोलावतात आणि मनात म्हणतात, याला खरी गोष्ट माहीत नाही म्हणून हा असं बोलतोय. दार तिथेच बंद होतं. तिने रागाबद्दल विचारलं तेव्हा तू इतकंच म्हणायचं होतंस, ‘रागावले असतील तर कशामुळे, तुला काय वाटतं?’ आणि मग गप्प बसायचं होतंस. तुझ्यासारख्या बोलक्या माणसाला हे जड जाणार, ठाऊक आहे मला.

माझ्या या पद्धतीला आमच्याकडे वेळखाऊ म्हणत. एका वरिष्ठांनी तर बैठकीत सुनावलं होतं की बाईंच्या सत्रात मूल चित्रं काढतं आणि फाइल कोरी राहते. मला वरची जागा मिळाली नाही ती त्यामुळेच, असं मी आजही मानते. कदाचित तसं नसेलही. मी भांडकुदळही कमी नव्हते. पण चाळिशी-पन्नाशीत प्रथमच बोलायला आलेली माणसं समोर बसली की माझा हट्ट आणखी पक्का व्हायचा. नोकरी, संसार, सगळं जागच्या जागी, आणि आत मात्र लहानपणीचा तोच हिशोब, एक आकडाही न बदललेला. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात गुंतागुंतीच्या आघातोत्तर विकाराला वेगळी जागा मिळाली. आघाताच्या नेहमीच्या लक्षणांसोबत भावना न आवरणं, स्वतःविषयी खोलवर रुजलेली हीनता आणि नाती टिकवण्यात अडचण या तीन गोष्टी त्यात धरल्या आहेत. त्यातली मधली वाचून मला वाटलं, चला, उशिरा का होईना, लिहिलं कुणीतरी.

खरं तर कुणीतरी फार आधीच लिहिलं होतं. मनोविश्लेषक शांडोर फेरेन्झी यांनी 1932 मध्ये जर्मनीतल्या व्हिस्बाडेनच्या परिषदेत मांडलं की मूल त्या मोठ्या माणसाची अपराधभावना स्वतःत ओढून घेतं. फ्रॉइडना तो निबंध मुळीच रुचला नाही. पुढे 1943 मध्ये फेअरबेर्न या दुसऱ्या मनोविश्लेषकांनी याच्या मागचं कारण सांगितलं: आपली माणसं वाईट आहेत असं मानून जगण्यापेक्षा आपणच वाईट आहोत असं मानणं मुलाला कमी भयंकर वाटतं. दोष माझा असेल तर मी सुधारू शकते, दोष त्यांचा असेल तर मग मला कुणीच उरत नाही. म्हणून तो हिशोब खोडायला घाईने जाऊ नये. त्याच्या आधारावर ती उभी असते. दुसरा आधार हाताशी आल्यावर ती तो आपणहून सोडते.

‘हळू’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असा अर्थ काढू नकोस. तो माणूस तिच्यापर्यंत पोहोचू शकत असेल तर आधी सुरक्षितता, आणि कायद्याने कळवणं बंधनकारक आहे तिथे त्याच दिवशी कळवायचं. काय, कधी, कुठे हे प्रशिक्षित माणसाने, शक्यतो एकदाच विचारावं. तू पुन्हा पुन्हा तपशील काढलेस तर तिलाही त्रास आणि तिच्या जबाबालाही धक्का. आघातावरचे उपचार आहेत, त्यांचा उपयोग होतो, अनेक मुलं चांगली सावरतात. हे तिच्या आईला स्पष्ट सांग, कारण तिने तर मुलीचं आयुष्य संपलं असंच धरून ठेवलं असेल, आणि ते मुलीला तिच्या नजरेत दिसत असेल.

आईबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिली आहेस, तीही ‘आई सहकार्य करत नाही’ अशी. घरातलं मोठं माणूस मुलावर विश्वास ठेवून पाठीशी उभं राहिलं की मूल सावरण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ती बाई गप्प आहे म्हणून तिला बाजूला काढू नकोस. मला कसं दिसलं नाही, मीच त्याला घरात घेतलं, असा तिचाही हिशोब चाललेला असणार. मुलीच्या पुढच्या सत्राआधी तिला वेगळी वेळ दे, दार लावून घे आणि तिच्याशी बोल. काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
मॅडम